आधी नाटक, मग स्टुडिओ : उन्हाळी सुट्टीतील सहलींविषयी वाचकांचे प्रश्न

सुट्टीतील सहलींविषयी या वेळी आलेल्या पत्रांत चित्रपटांचा स्टुडिओ आणि संगीत नाटक, अथवा ज्याला हल्ली सगळेच ‘म्युझिकल’ म्हणतात तो मोठा संगीतमय प्रयोग, या दोन गोष्टींविषयी इतकी विचारणा आहे की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळून केवळ नागपुरातील वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही घरचे पाच जण आहोत : मी, यजमान, सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. मे महिन्यात हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीला जावे असा मुलांचा आग्रह आहे. यजमानांचा ओढा मात्र मुंबईच्या चित्रनगरीकडे आहे, कारण मुंबईत राहण्याची सोय होते. दोन्हींपैकी काय निवडावे? सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा एका दिवसात पाहून होईल का? (एक गृहिणी, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : या दोन्ही जागा नावाने सारख्या वाटल्या तरी त्या वेगळ्या हेतूने चालतात, आणि निवड त्यावरच अवलंबून आहे. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी राज्य शासनाने १९७७ साली उभारली. पाचशेहून अधिक एकरांचा तो डोंगराळ परिसर आरे वसाहतीला लागून आहे आणि तिथे मालिका, चित्रपट आणि जाहिराती यांचे काम रोज चालते. ती कामाची जागा आहे. पाहुण्यांना तिथे आधी ठरवलेल्या फेरीनेच जाता येते, बसमधून बाहेरचे सेट दिसतात, आणि जिथे चित्रीकरण चालू असते तिथला दरवाजा अर्थातच बंद असतो. रामोजी फिल्म सिटी १९९६ साली सुरू झाली. तिचा १,६६६ एकरांचा विस्तार हा जगातील सर्वांत मोठा स्टुडिओ परिसर म्हणून गिनेस बुकात नोंदलेला आहे. चित्रीकरण तिथेही होते, परंतु पर्यटकांसाठी स्वतंत्र व्यवस्था, बागा, पाळणे, खेळ आणि दिवसभराचे कार्यक्रम आखलेले आहेत. सात वर्षांचा मुलगा सोबत असेल तर मी निःसंशय हैदराबादची निवड करीन. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असती आणि तिला या व्यवसायाविषयी खरेच कुतूहल असते, तर मुंबईचा विचार केला असता.

मात्र मे महिन्याचा आग्रह सोडावा, असे सुचवतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि ही सवलत आपण बहुधा घरात कूलरसमोर बसून वाया घालवतो. हैदराबादेत पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, उलटून गेल्यावर, जूनच्या मध्यावर निघालात तर आभाळ आलेले असेल, हवा पुष्कळ सुसह्य असेल, आणि इतर राज्यांतील व उर्वरित महाराष्ट्रातील अनेक शाळा सुरू झालेल्या असल्यामुळे गर्दीही कमी असेल. पावसाची एखादी सर आली तरी तिथल्या सेटवरच्या सिमेंटच्या किल्ल्याचे काही बिघडत नाही. मेमध्ये त्याच किल्ल्यासमोर दुपारी दोन वाजता उभे राहिल्यास मुलांना पाण्याच्या बाटलीखेरीज काहीही दिसणार नाही.

नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत गाडी सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. ती पहाटे सुटून दुपारपर्यंत पोहोचवते, त्यामुळे लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी रात्रीच्या प्रवासापेक्षा ती सोयीची आहे. पोहोचल्याच्या दिवशी फिल्म सिटीला जाण्याची घाई करू नये. ती शहराच्या पूर्वेला, विजयवाड्याच्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर आहे, म्हणून मुक्काम दिलसुखनगर किंवा एल. बी. नगर या बाजूला केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शहर ओलांडण्याचा त्रास वाचतो. हायटेक सिटीकडे स्वस्त खोली मिळाली म्हणून तिथे उतरणाऱ्यांचा सकाळचा चांगला वेळ रस्त्यावर जातो.

सासूबाईंविषयी : आवारात प्रवेश केल्यावर आतल्या बसगाड्या सेटपर्यंत नेतात आणि बऱ्याच गोष्टी बसमधूनही दिसतात, तथापि बसमध्ये चढणे-उतरणे आणि थांब्यांवरचे चालणे टळत नाही. एक दिवस पुरतो, परंतु सगळे पाहूनच परतायचे हा हट्ट सोडला तरच. दुपारच्या वेळेत बंदिस्त सभागृहातील कार्यक्रम, सकाळी आणि चारनंतर उघड्यावरचे सेट, असा क्रम ठेवावा. पाळण्यांच्या भागात यजमानांनी मुलांना घेऊन जावे आणि तेवढा वेळ सासूबाईंनी सावलीत बसावे. त्यांचे पथ्याचे खाणे असेल तर आत काय नेता येते, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे, म्हणजे प्रवेशद्वारावर डबा उघडून वाद घालावा लागत नाही. चाकांच्या खुर्चीचीही चौकशी त्याच वेळी करावी. ती मागण्यात आपल्याकडे उगाच संकोच वाटतो.

प्रश्न : स्टुडिओत गेल्यावर प्रत्यक्ष शूटिंग आणि कलाकार पाहायला मिळतील का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सक्करदरा)

उत्तर : मिळतील असे धरून जाऊ नये. मिळालेच तर पहिल्या दहा मिनिटांनंतर कंटाळा येईल, कारण चित्रीकरणाचा बहुतेक वेळ दिवे हलवण्यात, वाट पाहण्यात आणि तोच तुकडा पुन्हा करण्यात जातो. दोन मिनिटांच्या दृश्यासाठी अर्धा दिवस गेला तरी कोणाला त्याचे आश्चर्य वाटत नाही. पाहण्यासारखे असतात ते पडद्यावर न दिसणारे लोक : जमिनीवर खडूने खूण करणारा साहाय्यक, कॅमेऱ्यासमोर अंतर मोजणारा, मागच्या दृश्यात नायकाच्या शर्टाची कोणती बाही दुमडलेली होती याची नोंद ठेवणारी मुलगी. तुम्हाला या क्षेत्रात काम करायचे असेल तर शहरातील एखाद्या लघुपटाच्या चमूला सामान उचलण्यासाठी मदत करावी. स्टुडिओच्या फेरीत कळणार नाही ते दोन दिवसांत कळेल.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही एक फिल्म सिटी पाहून आलो. दहा वर्षांच्या मुलाने परत येताना गाडीत एवढेच म्हटले की, ‘सगळे खोटेच होते.’ तेव्हापासून चित्रपट पाहताना तो सतत ‘हे खोटे आहे, ते खोटे आहे’ असे सांगत बसतो. एवढा खर्च करून आम्ही त्याची मजा घालवली असे वाटते. यावर काय करावे? (पालक, मनीषनगर)

उत्तर : मजा गेलेली नाही. आपल्या मुलाने जे पाहिले ते अर्धेच पाहिले. सेट पोकळ आहे हे त्याला दिसले, पण तो पोकळ ठेवूनही पडद्यावर भक्कम कसा दिसतो, हे कोणी त्याला सांगितले नाही. पर्यटकांच्या फेरीत मार्गदर्शकाला तेवढी फुरसत नसते, तो कोणत्या चित्रपटातील कोणते गाणे इथे झाले हे सांगून पुढे सरकतो. ते काम घरच्या मंडळींनी करायचे असते.

कॅमेऱ्याला एका वेळी एकच दिशा दिसते, हे या सगळ्याचे मूळ आहे. म्हणून वाड्याला पुढची भिंत पुरते, मागे बांबूंचे किंवा लोखंडी नळ्यांचे टेकू असतात. एकाच इमारतीची एक बाजू विमानतळाची आणि दुसरी रुग्णालयाची करता येते, आणि रामोजी फिल्म सिटीत असा प्रकार पाहायला मिळतो. लांबची वस्तू लहान दिसते, या नियमाचा उपयोग करून मागची घरे मुद्दाम छोटी बांधली की दहा पावलांची गल्ली शंभर पावलांची वाटते. दगड बहुधा प्लास्टरचा किंवा फायबरचा असतो, परंतु त्यावर शेवाळ, ओल आणि जुनेपणा रंगवणारा माणूस खऱ्या दगडाचे बारकाईने निरीक्षण केल्यावाचून ते करू शकत नाही. आपल्या मुलाला हा कारागीर दाखवला गेला असता तर तो ‘खोटे’ म्हणाला नसता, ‘कसे केले?’ असे विचारता झाला असता.

यासाठी पुन्हा कोठेही जाण्याची आवश्यकता नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला आणि त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. दोन्ही तारखा मुलांच्या सुट्टीतच येतात. या चित्रपटाच्या आधी भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली होती. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. हाच प्रयोग आपल्या मुलाला करू द्यावा. आपल्याकडच्या मे महिन्यात वाटाणा तग धरणार नाही, म्हणून कुंडीत मूग किंवा मेथी पेरावी, फोन एका जागी पक्का बसवण्यासाठी विटांचा कट्टा करावा, रोज ठरावीक वेळी छायाचित्र घ्यावे आणि अखेरीस सगळी एकामागून एक चालवावीत. फोनमध्ये हे आपोआप करून देणारी सोय असते, ती या वेळी वापरू नये. हाताने करताना फोन किंचित हलला तर रोप पडद्यावर उडी मारते आणि स्थिर कॅमेऱ्याचे महत्त्व उपदेशावाचून कळते.

दुसरी गोष्ट आवाजाची. आपल्या चित्रपटांतील गाणे सहसा आधी ध्वनिमुद्रित होते आणि कलाकार सेटवर त्यावर ओठ हलवतो. पावलांचे आवाज, दार लागण्याचा आवाज, पावसाची सर या गोष्टीही बऱ्याचदा नंतर वेगळ्या तयार करून जोडतात. मुलांना एखादे दृश्य आवाज बंद करून दाखवावे आणि घरातल्या वस्तूंनी आवाज भरायला सांगावे. सुप, तांदूळ, नारळाच्या करवंट्या आणि ओला टॉवेल एवढ्यावर पाऊस, घोडा आणि मारामारी यांचा निकाल लागतो. एवढे केल्यावर ‘खोटे आहे’ हे त्याचे वाक्य थांबेल असे नाही, परंतु त्यानंतर तो खोटे किती चांगले जमले आहे यावर मत देऊ लागेल, आणि त्या मताशी आपल्याला वाद घालता येईल.

प्रश्न : नात नऊ वर्षांची आहे आणि मोबाईलवर इंग्रजी म्युझिकलची गाणी ऐकते. तिला आपले संगीत नाटक दाखवावे अशी माझी इच्छा आहे. मे महिन्यात नागपुरात ते पाहायला मिळेल का, आणि ती तीन तास बसेल का? माझे वडील झाडीपट्टीतील नाटकांविषयी फार सांगत, तिथे नेता येईल का? (निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर नकारार्थी आहे. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम धान घरात आल्यावर, दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. मे महिन्यात तिथे काहीही नसते. शिवाय प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. नातीला न्यायचेच असेल तर हिवाळ्यातल्या सुट्टीत, तिला दुपारी झोपवून, गरम कपडे आणि बसायला सतरंजी घेऊन न्यावे. त्या प्रयोगात गाणी, लावणी, विनोद आणि काळजाला हात घालणारे कौटुंबिक कथानक असे सगळे असते, आणि मंडपभर लोक त्यात सामील होतात. परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाल्यानंतर नागपूरकरांनी थोडे तिकडे पाहिले, परंतु शहरातल्या नाट्यरसिकाची मान अजूनही पुण्या-मुंबईच्याच दिशेला वळलेली असते.

संगीत नाटकासाठी मात्र नागपूर ही जागा अजिबात परकी नाही, आणि आपण शिक्षक असल्यामुळे नातीला हा धागा तुम्हीच दाखवू शकाल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग केला, तिथून या नाटकांची मोठी परंपरा सुरू झाली. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, चित्रपटाने ती परंपरा संपवली असे सगळे म्हणत असताना, १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, इथे रंजन कला मंदिर चालवणारे. त्यात खाँसाहेबांची भूमिका करणारे डॉ. वसंतराव देशपांडे नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे. राम गणेश गडकरी यांचे १९१९ साली सावनेरला निधन झाले, हेही नातीला सांगावे, मात्र त्यांचे दारूच्या व्यसनावरचे प्रसिद्ध नाटक नऊ वर्षांच्या मुलीला दाखवू नये.

मे महिन्यात बाहेरगावच्या नाट्यसंस्था नागपूरकडे क्वचितच फिरकतात, म्हणून जो प्रयोग मिळेल तो पकडावा. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह, वसंतराव देशपांडे सभागृह आणि लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह यांच्या कार्यक्रमपत्रिकांवर लक्ष ठेवावे. सुरेश भट सभागृहात सुमारे दोन हजार माणसे बसतात, तिथे मागच्या रांगेतून नाटक पाहणारे मूल पंधरा मिनिटांत खुर्चीवरून घसरू लागते. लहान मुलांसाठी सायंटिफिकसारखी छोटी जागा केव्हाही चांगली. तिकीट महाग पडले तरी पुढच्या रांगेत, ज्या बाजूला ऑर्गन आणि तबला असेल त्या बाजूला बसावे, म्हणजे गाणे वाजवणारे हात तिला दिसतील. पूर्ण नाटक न मिळाल्यास नाट्यगीतांची मैफल हा पर्याय असतो, पण मला तो मुलांसाठी पटत नाही. ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीने आपले पद कशासाठी म्हटले हे ठाऊक नसताना मूल ते केवळ जुने गाणे म्हणून ऐकते आणि जांभई देते. त्यापेक्षा सुट्टीतील बालनाट्य शिबिरांच्या अखेरीस मुलांनी केलेला गाण्यांचा प्रयोग पाहायला न्यावे, तिथे तिच्याच वयाची मुले गाताना चुकतात आणि सावरतात.

ती तीन तास बसेल का, हे पूर्वतयारीवर ठरेल. गोष्ट आधी पूर्ण सांगून टाकावी. संगीत नाटकात पुढे काय होणार यावर भिस्त नसते, ‘सौभद्रा’त सुभद्रेचे लग्न अर्जुनाशी होणार हे पहिल्या प्रयोगाच्या दिवशीही सर्वांना ठाऊक होते. नाटकातील दोन-तीन पदे आठवडाभर घरात वाजू द्यावीत. ओळखीचे पद समोर सुरू झाले की मूल सरसावून बसते. जुने प्रयोग रात्रभर चालत आणि एकेका पदाला वन्समोअर मिळत असे; आताच्या प्रयोगांत पदे कमी केलेली असतात, याबद्दल जाणकार हळहळतात, परंतु नातीच्या दृष्टीने ती सोयच आहे. मध्यंतरात ती कंटाळलेली दिसली तर घरी आणावे. अर्ध्या प्रयोगाने तिचे नुकसान होत नाही, उलट सक्तीने बसवलेला उत्तरार्ध तिला पुढची दहा वर्षे नाट्यगृहापासून दूर ठेवील.

प्रश्न : जूनमध्ये चार दिवस मुंबईला जात आहोत. वांद्रे-कुर्ला संकुलातील मोठ्या नाट्यगृहात म्युझिकल पाहावे आणि चित्रनगरीची फेरीही करावी असे मनात आहे. मुले अकरा आणि चौदा वर्षांची आहेत. आधी काय पाहावे? तिकिटे फार महाग आहेत, तो खर्च योग्य आहे का? (बँक कर्मचारी, प्रतापनगर)

उत्तर : आधी प्रयोग, मग स्टुडिओ. मूल एकदा पडद्यामागे जाऊन आले की रंगमंचावर दोऱ्या आणि तारा शोधत बसते. आधी थक्क झालेले मूल मात्र दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ‘काल ते कसे केले असेल?’ हा प्रश्न घेऊन जाते. शिवाय स्टुडिओत सगळे तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि त्याची जुळणी संकलनाच्या टेबलावर होते, तर रंगमंचावर गाणे, नृत्य, दृश्यबदल आणि वेशांतर एका सलग बैठकीत, चूक झाली तरी न थांबता, पार पडते. हा फरक अकरा वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष पाहून कळतो.

आपण म्हणता ते नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचे ग्रँड थिएटर असावे. ते ३१ मार्च २०२३ रोजी सुरू झाले, त्यात सुमारे दोन हजार आसने आहेत, आणि त्याच वर्षापासून परदेशातील मोठे म्युझिकल तिथे येऊ लागले. तिकिटाच्या खर्चाविषयी माझे मत असे की एकदा अवश्य करावा, पण डोळे उघडे ठेवून. प्रयोगात वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजणार आहे की ध्वनिमुद्रित, याची चौकशी करावी. ध्वनिमुद्रित असेल तर एवढे पैसे मोजताना मी तरी दोनदा विचार करीन. प्रयोग इंग्रजीत असेल तर मुलांनी कथा आधी वाचावी. सर्वांत महागड्या पुढच्या आसनांपेक्षा वरच्या सज्जातील पहिली रांग नृत्याच्या रचना पाहण्यासाठी अधिक चांगली असते. वयाची अट आणि उशिरा येणाऱ्यांविषयीचा नियम तिकिटावर वाचावा. पावसाळ्यात कुर्ल्याहून संकुलापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो आणि पडदा कोणासाठी थांबत नाही.

चित्रनगरीची फेरी जूनच्या पावसात रद्द झाली तर मुलांना पेडर रोडवरील राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात न्यावे. ते जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाले, गुलशन महाल या जुन्या वास्तूत आणि शेजारच्या नव्या इमारतीत आहे, आणि सोमवारी बंद असते. खरे सांगायचे तर चौदा वर्षांच्या मुलाला चित्रनगरीच्या बसफेरीपेक्षा तिथे जास्त मिळेल. जुनी यंत्रे हाताच्या अंतरावर असतात आणि पाहणाऱ्याला कोणी घाई करीत नाही. दोन हजार आसनांच्या त्या नाट्यगृहाचे तिकीट चौघांना झेपणार नसेल तर रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात एखादे चांगले मराठी नाटक पाहावे. ते म्युझिकल नसेल, पण जिवंत प्रयोग असेल आणि उरलेल्या पैशांत संग्रहालयही होईल.

प्रश्न : मुलगी लंडनला असते. आम्ही दोघे मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिच्याकडे राहणार आहोत. आठ वर्षांच्या नातवाला हॅरी पॉटरचा स्टुडिओ आणि एखादे म्युझिकल दाखवावे, आणि तिकिटांचा खर्च आम्हीच करावा, असे ठरवले आहे. कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात? (ज्येष्ठ दाम्पत्य, धरमपेठ)

उत्तर : पहिली गोष्ट नातवाच्या शाळेची. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे आणि जून, परंतु इंग्लंडमधील शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टभर चालते. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना एक आठवड्याची सुट्टी असते. म्हणजे आपल्या मुक्कामात नातू फक्त त्या आठवड्यात आणि शनिवार-रविवारी मोकळा आहे, आणि त्या दिवसांवर तिथल्या सगळ्याच आजी-आजोबांचा डोळा असतो. स्टुडिओची तिकिटे दारावर विकत मिळत नाहीत, वेळ ठरवून आधीच घ्यावी लागतात. मुलीला आजच तारखा पाहायला सांगावे, नागपूरहून निघाल्यावर नव्हे.

हा स्टुडिओ लंडन शहरात नसून वॉटफर्डजवळ लीव्ह्ज्डनला आहे. यूस्टन स्थानकावरून वॉटफर्ड जंक्शनला जलद गाडीने सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तिथून स्टुडिओची बस मिळते. दुसऱ्या महायुद्धात त्या जागी विमाने बनत. पुढे २००० ते २०१० या काळात तिथे हे चित्रपट तयार झाले आणि २०१२ साली पाहुण्यांसाठी दालने उघडली. आत साधारण साडेतीन-चार तास लागतात, मध्ये बसून खाण्याची जागा आहे, आणि सगळे बहुतांशी छताखाली असल्यामुळे आपल्यासारख्यांना ते सोयीचे आहे. भोजनगृहाच्या भव्य सेटमध्ये पायाखालची फरशी खऱ्या दगडाची आहे, ती नातवाला हात लावून पाहू द्यावी. वर्षानुवर्षे शेकडो पावले पडणार म्हणून तेवढी जागा खरी ठेवली. शेवटी किल्ल्याची प्रचंड प्रतिकृती आहे, तिच्यापाशी भरपूर वेळ राखून ठेवावा. बाहेर पडताना दुकान लागते. खरेदीची रक्कम नातवाशी घरूनच ठरवून निघावे, कारण लाकडाची दिसणारी ती कांडी आपल्या रुपयांत मोजली की आजोबांचा चेहरा उतरतो आणि सगळ्या दिवसावर पाणी पडते.

म्युझिकलसाठी दुपारचा प्रयोग घ्यावा. रात्रीचा प्रयोग साडेसातच्या सुमारास सुरू होऊन दहापर्यंत चालतो, आणि जूनमध्ये तिथे नवानंतरही उजेड असल्यामुळे आठ वर्षांचे मूल झोपेचे वेळापत्रक आधीच विसरलेले असते. ‘लायन किंग’ १९९९ पासून लायसियम थिएटरमध्ये चालू आहे, ‘मटिल्डा’ २०११ पासून केंब्रिज थिएटरमध्ये. इंग्रजी संवाद भरभर गेले तरी ‘लायन किंग’ प्रयोगभर डोळ्यांना गुंतवून ठेवते. त्यात प्राण्यांचे मुखवटे कलाकारांच्या डोक्यावर असतात आणि खालचा माणसाचा चेहरा झाकलेला नसतो, ही गंमत नातवाला आधी सांगू नये. आरंभी काही प्राणी प्रेक्षकांमधून चालत जातात, म्हणून तळमजल्यावर मधल्या वाटेलगतच्या खुर्च्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात. ‘मटिल्डा’ ही मुख्यतः शाळेत अन्याय सोसणाऱ्या हुशार मुलीची गोष्ट आहे आणि तिच्यातील विनोद शब्दांचा आहे. तो नातवाला आपल्यापेक्षा लवकर कळेल. दोन्ही नाट्यगृहे जुनी आहेत, जिने अरुंद आहेत आणि वरच्या सज्जात चढ तीव्र आहे. स्वस्त तिकिटाच्या मोहाने सर्वांत वर बसू नये, आणि आपल्याला जिना त्रासदायक होत असेल तर तिकीट काढण्यापूर्वी नाट्यगृहाला तसे कळवावे, ते योग्य जागा सुचवतात.

स्टुडिओ आणि प्रयोग एकाच शनिवार-रविवारी कोंबू नयेत. स्टुडिओची तारीख मेच्या सुट्टीच्या आठवड्यात मिळाली नाही तर ती जूनच्या अखेरच्या रविवारी ढकलावी आणि प्रयोग त्याआधीच्या एखाद्या शनिवारी घ्यावा.